ताणावरची लिंबं

आमच्या यजमानांनी आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली आणि निवृत्त झाल्यावर धामणगाव बढ्याजवळच्या वडिलोपार्जित तुकड्यात लिंबं लावली. मी म्हटलं होतं, आधी गुडघ्यांकडे बघा आणि मग खड्डे खोदा. ऐकतील तर शपथ.

राहायला आम्ही खामगावात. दर रविवारी डबा बांधायचा, बस पकडायची, पुढे ऑटोने मळ्यात. कंडक्टर माणूस प्रवासी म्हणून बसला की फार तापदायक. नव्या पोराने सुटे द्यायला वेळ लावला की यांचे हात शिवशिवायचे. मला त्या हातांचं कायम कौतुक. हेलकावे खाणाऱ्या गाडीत कशालाही न धरता उभं राहून तिकीट फाडणं, पैसे मोजणं, घंटीची दोरी ओढणं, सगळं एका लयीत. तेच हात नंतर बागेत रमले.

पावसाळ्यात बांधापासून बुंध्यापर्यंत गाजरगवत माजायचं. मी ते उपटत बडबडायची आणि ते कात्री घेऊन पाणसोट काढायचे. पाणसोट म्हणजे झाडाचं खाऊन फळ न देणारे सरळसोट फुटवे. प्रत्येकाला ओळखीतल्या एखाद्या ऐतखाऊ माणसाचं नाव द्यायचं आणि मग कापायचं, असा त्यांचा खेळ. एकाला त्यांनी माझ्या भावाचं नाव दिलं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी वेगळ्या सीटवर बसले.

थंडी पडली की बुंध्यांना मोरचूद-चुना लावायचा आणि मग ताण. लिंबाला बहार हवा असेल तर काही आठवडे त्याचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, काही गळतात. झाडाला जिवाची भीती वाटली की ते फुलायची तयारी करतं, आणि मग पाणी सोडलं की पांढराशुभ्र बहार येतो. मध्येच कोणी पाणी दिलं तर नुसती पालवी फुटते, फूल नाही. मला ते दिवस अजिबात आवडत नसत. तहानलेल्या झाडाखाली बसून डबा खायचा म्हणजे घास उतरत नाही. ते म्हणायचे, “तू पाहू नको तिकडं.”

बांधापलीकडचं शेत भाभीचं. तिचे मियाँ बाजारात कापसाच्या व्यापारात असतात, शेती तीच बघते. विहीर दोघांची सामायिक. तिच्या शेळ्या आमच्या शेवग्यावर आणि माझी जीभ तिच्या शेळ्यांवर, असं करता करता आमची मैत्री झाली. आमची पाठ वळली की बागेवर नजर तिचीच.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी चहाचा कप यांच्या उजव्या हातातून सुटला. लकवा. दवाखान्यात बरेच दिवस गेले. बोलणं परत आलं, पाय घरातल्या घरात चालण्यापुरता आला. उजवा हात मात्र नीट आला नाही. डॉक्टर म्हणाले, येऊ शकतो, पण वापरला तरच, आणि तोही या पहिल्या काही महिन्यांतच. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मला बजावून सांगायची, “काकू, चमचा त्यांच्याच हातात द्या. सांडू दे.”

मी हो म्हणायची. ते चमचा उचलायचे, हात थरथरायचा, खिचडी छातीवर सांडायची. ज्या हाताने चालत्या गाडीत चिल्लर मोजली, तो हात तोंडाचा रस्ता चुकायचा. मला पाहावत नसे. मी चमचा काढून घ्यायची आणि भरवायची. ते निमूट तोंड उघडायचे. खारट असो की अळणी, एक शब्द नाही. शर्टाची बटणं मी लावायची, पेला मी धरायची. शेजारणी म्हणायच्या, किती करते ही नवऱ्याचं. मला ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? उन्हाळा आला आणि हात तसाच मांडीवर पडून होता.

बागेत चला म्हटलं तर म्हणाले, “पाहून काय करू आता?” मग रविवारी नणंदेला त्यांच्याजवळ बसवून मी एकटी जाऊ लागले. थंडीतला ताण चुकला होता, कारण तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. म्हणून यंदा मृगाचा बहार धरायचं ठरवलं. उन्हाळ्यात पाणी तोडायचं, बाकी काम पाऊस करतो. त्यांना विचारलं तर नुसतं “कर” म्हणाले. एप्रिलअखेर मी ठिबकचा कॉक बंद केला. मनात एकच होतं. बहार आला तर एक फुललेली फांदी घरी नेऊन त्यांच्यासमोर ठेवायची. कदाचित हात पुढे होईल.

पुढचे दोन रविवार त्यांना ताप होता, जाणं झालं नाही. त्यानंतर गेले तर आळ्यांमधली माती ओली आणि शेंड्याशेंड्याला पोपटी पालवी. मी वाकून चिमूटभर माती बोटांत दाबून पाहिली. तेवढ्यात भाभी बांधावरून हसत आली.

“पाह्यलं का वहिनी, कसे टवटवीत झाले?”

“कोनं देलं पानी?”

“मीनं देलं. भाऊ बिमार, तुमचं येनं होत नाही. झाडं पार माना टाकून राह्यले होते.”

“ताणावर ठेवले होते मी!”

भाभीचं हसू गेलं. “भाऊ तं थंडीत ताण देतात ना?”

“थंडीत कोन देनार होतं? यंदा मृग धरला होता. तुमाले कोनं सांगतलं होतं उठाठेव कराले?”

ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “मले पाहावलं नाही, वहिनी. रहम आला. दुसरं काय?”

मी डबा न उघडताच निघाले. रागाने कानशिलं तापली होती. आता पाऊस येऊनही उपयोग नव्हता, यंदाचा बहार गेला तो गेलाच. बसमध्ये बसल्यावर भाभीला आणखी काय काय सुनवायला हवं होतं, त्याची मी मनात जुळवाजुळव करत होते. पण तिचं ते एक वाक्य पुन्हा पुन्हा आडवं येत होतं. पाहावलं नाही. अहो, हे तर माझंच वाक्य. चमचा काढून घेताना रोज मी मनात हेच म्हणत होते. भाभीने एकदाच पाणी दिलं होतं. मी दवाखान्यातून आल्यापासून रोज देत होते.

खामगाव यायच्या आत मी तिला फोन लावला. म्हटलं, “भाभी, मी मोठी तोंडाळ बाई हाय.”

“मालूम है,” ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी थोडं रडलो.

संध्याकाळी नणंद गेल्यावर मी खिचडी टाकली. ताट त्यांच्यापुढे ठेवलं, चमचा उजव्या हाताशी ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. ते वाट बघत राहिले.

“अवं,” त्यांनी हाक मारली. मी ओ दिली नाही.

“अवं, येतं का?”

“तुमी जेवा. मले काम हाय,” मी म्हटलं. काम काहीच नव्हतं. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, उठायला नको म्हणून.

चमचा फरशीवर पडला. मग त्यांची खुर्ची करकरली, बराच वेळ खुडबुड झाली. चमचा उचलला असावा. पुन्हा ताटात वाजला, पुन्हा पडला. “काऊन छळून राह्यली?” ते ओरडले. त्यांचा इतका मोठा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी पदर तोंडात कोंबला आणि बसून राहिले. हा माणूस आता मला कधी माफ करणार नाही, असं वाटलं.

मग ताटावर चमचा घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. माझी हालायची हिंमत होईना.

“खिचडीत मीठ कमी हाय,” ते म्हणाले.