इरफानची पाळी

टॅब म्हणतोय, "इरफानची पाळी. टॅब त्याच्या हातात द्या."

कुठे देऊ?

सायखेड्याच्या कब्रस्तानात नेऊन देऊ का?

आज इरफानला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातपूरच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच सीएनसी मशीनवर. तो फर्स्ट शिफ्टला असला की मी सेकंडला, मी फर्स्टला की तो सेकंडला. सगळी दोस्ती शिफ्ट बदलतानाची. त्यातलाही अर्धा वेळ "कूलंट टाक रे" आणि "टूल घासलाय, बघ" यातच जायचा.

म्हणून त्याने हा गेम आणला. काच तडकलेला जुना टॅब. आळीपाळीने चाली खेळायच्या, आपापलं राज्य उभं करायचं.

जेवणाच्या सुट्टीत आपली चाल खेळायची आणि टॅब मशीनच्या टूल लॉकरमध्ये हात पुसायच्या कॉटन वेस्टखाली ठेवायचा. पुढच्या शिफ्टला दुसऱ्याने उघडायचा. दुसऱ्याच्या पाळीत डोकवायचं नाही, हा एकच कायदा.

सुरुवातीचे सगळे डाव मी हरलो. कारण मी माणसं घेऊन चांगली जागा शोधत हिंडायचो. नदी पाहिजे, डोंगर पाहिजे, जवळ खाण पाहिजे.

"मंग्या, फ्लॅट बघायला निघाला का तू? पहिल्याच चालीला जिथं हाय तिथं गाव वसव. हिंडत बसला तर रानटी टोळ्या खातील तुला."

"आणि मग?"

"मग शिपाई. मग एक जण आजूबाजूचं बघून यायला धाड. मोठे मिनार, महाल सगळं नंतर. आन एक ध्यानात ठेव, नवं गाव वसवायला जाणारा गडी एकटा कधी सोडायचा नाय. संगं शिपाई पायजेच."

त्यापुढचं विचारलं की हसायचा. "आधी एवढं तर कर. पुढचं पुढं सांगतो."

पुढचं सांगितलंच नाही त्याने.

शेवटच्या डावात मी टॅब उघडला आणि चक्रावलो. त्याचा गाव वसवणारा गडी माझ्या हद्दीला लागून, नदीकाठी उभा. एकटा! शिपाई नाही, काही नाही. आणि माझी फौज तिथेच बाजूला.

कॅन्टीनमधून त्याला फोन लावला. "काय रे, स्वतःचाच नियम मोडलास?"

"कळंल की. उद्या माझी पाळी येऊ दे."

त्या गड्याला हात न लावता मी माझी चाल संपवली. दुसऱ्या दिवशी ड्युटीला निघताना तो छातीत दुखतंय म्हणाला. भाभी पाणी घेऊन आल्या, तोवर सगळं संपलं होतं.

जनाज्याला सगळी शिफ्ट गेली होती. मी पण होतो. माती मीही दिली. तरी खरं वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही.

आता जे सांगतो त्याला हसू नका.

गेलं वर्षभर मी कामावर आलो की आधी लॉकर उघडतो. टॅब चालू करतो. त्याने चाल खेळली असेल म्हणून बघतो.

मला कळतं हो. मी काही वेडा नाही. पण हात ऐकत नाही. बॅटरी उतरायला लागली की माझा जीव खालीवर होतो. टॅब बंद पडला, डाव पुसला गेला, तर तो नदीकाठचा गडी पण जाईल. मग माझ्याकडे काय राहील त्याचं?

त्याच्या जागेवर आता आहिरे काका आहेत. सटाण्याकडचे, रिटायरमेंटला आलेले. वर्षभर त्यांनी टॅबला हात लावला नाही.

आज दुपारी सेकंडला आलो, लॉकर उघडला.

स्क्रीनवर होतं, "मंगेशची पाळी."

देवाशप्पथ सांगतो, एक क्षण मला वाटलं, आला.

मग मागे बघितलं. काका रुमालाने हात पुसत उभे होते.

"काका, कशाला हात लावलात?" मी एवढ्या जोरात ओरडलो की सगळं वर्कशॉप बघायला लागलं.

काका बावरले. "मंगेशभाऊ, तू रोज हे उघडतो न् डोळे पुसतो. म्हटलं, कोणीतरी खेळायला पाहिजे. तो गडी कधीचा नदीवर एकटा उभा शे. 'वसवा' लिहेल होतं, दाबलं."

मी टॅब उचलला.

"मग टॅबने गावाचं नाव मागितलं," काका हळूच म्हणाले. "मी इरफानचं गाव टाकलं."

नकाशात पाहिलं. नदीकाठी चार घरांचं छोटंसं गाव. सायखेडा.

कॅन्टीनच्या मागे जाऊन रडलो मी. पोरासारखा रडलो.

इरफान, तू तिथे काय करणार होतास रे? गाव वसवणार होतास? की मला फसवायला गडी उभा केला होतास? आता ते कधीच कळणार नाही. तेवढं एक शिल्लक होतं, तेही गेलं. काकांवर राग धरू तरी कसा?

आणि गावात एकही शिपाई नव्हता. काकांना कोण सांगणार! माझी फौज शेजारीच होती. एका चालीत सायखेडा माझं झालं असतं.

मला अजून सुरुवातीच्याच चाली येतात. नव्या गावाला आधी शिपाई.

माझे सगळे शिपाई उचलले आणि तुझ्या गावाभोवती उभे केले. माझी राजधानी उघडी पडली. पडू दे.

पाळी संपवली. टॅब पुन्हा तुझं नाव घ्यायला लागला. तो कॉटन वेस्टखाली ठेवलाय. उद्या काका खेळतील.

पुढचं काय करायचं ते मला येत नाही, इरफान. खरंच येत नाही.

पण तुझ्या गावाला राखण आहे. तू निवांत झोप, भाई.