खडूच्या तीन रेघा

इतर मिस्त्री कानावर विडी ठेवत, आमचे मिस्त्री खडू ठेवत. शाळेतल्या मास्तरांकडे असतो तसलाच पांढरा खडू. घाम आला की त्याचा ओघळ कानशिलावरून उतरायचा. सगळी दापोडी त्यांना खडूमिस्त्री म्हणे. माझा त्यांच्यावर राग आहे, आणि तो गेली कित्येक वर्षं मी नीट सांभाळून ठेवला आहे.

खडू होता नटांसाठी. इंजिनाचं हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. त्याचे नट मिस्त्री मधून सुरू करून कडेकडे आवळत जात, आणि तेही तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत नुसता टेकवायचा, दुसरीत धरायचा, तिसरीत ताणायचा. दर फेरीला प्रत्येक नटावर खडूची एक रेघ. तीन रेघा झाल्याशिवाय हेड बसलं असं ते कबूलच करत नसत. मी कुणावर आवाज चढवला की पलीकडून म्हणत, "शेठ, पहिल्याच फेरीत तानलंत. समोरचा वाकडा व्हनार."

मला शेठ म्हणणारे तेवढे एकटेच. बाकी रस्ता मला भंगारवालाच म्हणायचा, आणि खोटं काय त्यात? नगरकडून आलो तेव्हा डोक्यावर गोणी घेऊन लोखंड गोळा करत होतो. पण मला गाड्यांचा व्यापारी व्हायचं होतं. म्हणून भंगाराचं दुकान विकून मी दुरुस्तीची एक शेड टाकली, मिस्त्रींना तिथं कामाला ठेवलं आणि एका संस्थानिकाची आठ सिलिंडरची, उघड्या टपाची गाडी घेतली. पळण्यासाठीच बांधलेली होती ती. इंजिन थकलं होतं, पण मागच्या सीटवर एक लाकडी पेटी होती. तिच्यात ॲल्युमिनियमची दोन नवी हेडं, हेडाखाली घालायच्या पॅकिंगचे दोन जोड आणि तेलकट कागदात गुंडाळलेला नवा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. ते सगळं बसवलं की गाडी वाऱ्यासारखी जाईल, असं मला विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला नाही, पण भाव पाडून घेतली.

मिस्त्रींचं गाव चाकणच्या बाजूचं. घरी शेती, पण लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात हात तयार झालेला. त्यांनी जुना कॅमशाफ्ट ओढून काढला आणि टॅपेट माझ्या हातावर ठेवले. टॅपेट कॅमवर घासत चालतात. यांची तोंडं झिजून खळगे पडले होते. "नव्या कॅमला हे चालत न्हाईत. घासून सपाट करून आना." मी म्हटलं, "आहेत तेच घाला हो, कोण बघतंय आत?" त्यांनी पाना फडक्यावर ठेवला आणि चहा मागवला. तिसऱ्या चहाला मी टॅपेट घेऊन पिंपरीच्या लेथवाल्याकडे निघालो.

गिऱ्हाईक ठरलं होतं. मिरजेकडचे एक इनामदार, गाड्यांचे शौकीन. अट एकच: वाटेत रेडिएटरमध्ये पाणी न ओतता गाडी खंडाळ्याचा घाट चढली पाहिजे. चढली नाही तर मला पुन्हा गोणी उचलायची होती.

इनामदार यायच्या दिवशी सकाळी एका बाजूचं हेड पुरं झालं होतं, दुसऱ्याची पहिली फेरी. मिस्त्री जेवायला गेले. मला धीर धरवेना. मी पाना घेतला आणि गोणीचं तोंड शिवावं तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जीव खाऊन आवळत गेलो. इनामदार आणि मिस्त्री एकदमच आले.

"गाडी तयार आहे, साहेब!" मी म्हणालो.

मिस्त्रींनी एका नटाला पाना लावून पाहिला, मग दुसऱ्याला. "घट हाय, आन् रेघ एकच? शेठ, हात कुनी लावला?"

"मी लावला! माझी गाडी आहे!"

"व्हय, गाडी तुमची हाय." एवढं बोलून ते नट सैल करू लागले. इनामदारांसमोर! मी तोंडाला येईल ते बोललो, पान्यांचा डबा लाथाडला. त्यांनी पाने शांतपणे गोळा केले, हेड उचललं आणि एका कडेला चेपलेलं पॅकिंग मला दाखवलं. "ह्ये ॲल्युमिनियम हाय, बिडाचं न्हाई. घाटात वाकलं असतं." मग इनामदारांकडे वळून म्हणाले, "साहेब, बसा. दोन तास लागतील."

इनामदार बसले. नुसते बसले नाहीत, स्टूल जवळ ओढून रेघा मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी गाडी घाट चढली. मी मागे बसलो होतो, पण माझे डोळे पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर होते. तो मध्यावरून हलला नाही. वर पोचल्यावर मी भाव सांगितला, मुद्दाम चढवून. इनामदार लगेच हो म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"मिस्त्री गाडीबरोबर येतील," ते म्हणाले. "चहा पिताना आमचं बोलणं झालंय."

मी मिस्त्रींना बाजूला घेतलं. "मला विचारलं का नाही?"

"इचारलं असतं तर तुमी भाव केला असता."

"केलाच असता! जास्त दिले असते!"

"तिकडं चार गाड्या हायेत, शेठ. घाई कुनालाच न्हाई."

हाच माझा राग. आयुष्यात एवढा एकच सौदा असा झाला, ज्यात मला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही.

त्या दिवसापासून रस्ताही मला शेठ म्हणू लागला, पण मिस्त्री निघाले तेव्हा मी बाहेर आलो नाही. गाडीचा आवाज पुलापलीकडे गेल्यावर शेडमध्ये गेलो. एका दूधवाल्याची लॉरी उघडून ठेवलेली होती, संध्याकाळी द्यायची होती. हेड बसवलेलं होतं. प्रत्येक नटावर दोन रेघा. मडगार्डवर फडकं अंथरलेलं, त्यावर पाना आणि अर्धा खडू.

मी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, मधल्या नटाला पाना लावला आणि सावकाश ताणला. मग रेघ ओढली. जरा वाकडी आली, पण दूधवाल्याची लॉरी पुढे बरीच वर्षं माझ्या दारावरून जात होती.