विजेची टाकी आणि प्रतिभा

खरवईच्या प्रतिभा भोईरला घरात स्वस्थ बसवत नसे. कुकर लावतानाही तिचं लक्ष कारखान्यातल्या टाकीकडे. बदलापूरच्या एका छोट्या कीटकनाशक कारखान्यात सांडपाणी साफ करायचं काम तिच्याकडे होतं. टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवायचे आणि त्यांनी पाण्यातली घाण खायची. पण औषधाची भांडी धुतलेलं पाणी आलं की जिवाणूच मरत. मग तिचा ऑपरेटर नाथा बारवीकडच्या आपल्या पाड्यावरून शेण आणी, ती त्यात गूळ कालवी आणि पुन्हा पहिल्यापासून.

यंदा तिने हट्टाने विजेची टाकी बसवून घेतली. आधी पाण्यातून करंट सोडून विषाचे तुकडे करायचे, मग ते जिवाणूंना द्यायचे. पाण्याचा पिवळा रंग उतरला तेव्हा तिला आनंद मावेना. पण दुसऱ्याच दिवशी जिवाणूंच्या टाकीवर पांढरा फेस, आणि बाहेर जाणारं पाणी तपासायला ठेवलेल्या काचपेटीतले गप्पी मासे उताणे.

"मॅडम, करंट दिला तर जास्तीच मेलं," नाथा म्हणाला.

मॅनेजर शौनक सरांना थांबायला वेळ नव्हता. "साठवणीची टाकी भरलीय. पाणी नाल्यात सोडा."

"मासे मेलेत, सर."

"पेटीतले मेलेत."

"नाल्यात नाथाच्या घरचे मासे धरतात."

त्यांनी नाथाला नाल्याकडचा व्हॉल्व्ह उघडायची खूण केली. प्रतिभाने पुढे होऊन व्हॉल्व्हचं हँडल काढलं आणि पर्समध्ये टाकलं. पाण्याला जागा नाही म्हणून उत्पादन थांबलं. "उद्यापासून येऊ नका," सर ओरडले.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी ती गेलीच. विजेच्या टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन नाकाशी धरलं, तर ब्लीचिंग पावडरचा वास. पाणी खारट होतं. करंटने मिठातून क्लोरीन तयार होत होता आणि तोच जिवाणूंना मारत होता. पुस्तकात वाचलेलं होतं, पण तो हवेत उडून जाईल असं तिने धरलं होतं. स्वतःवरच चिडत तिने करंटची वेळ कमी केली, क्लोरीन मारणारी पावडर टाकली, आणि क्लोरीन दाखवणारी पट्टी निळी व्हायची थांबेपर्यंत पाणी अडवून ठेवलं. मग ते पाणी नव्याने वाढवलेल्या जिवाणूंना आधी बादलीत, नंतर टाकीत, थोडं थोडं दिलं.

आठवडाभरात टाकीला ओल्या मातीचा वास आला. नव्या पेटीत गप्पी पोहत राहिले. सरांनी वाकून पाहिलं.

"टिकेल ना हे?"

"पुढची बॅच वेगळ्या औषधाची आहे. तिचं धुवण आधी मला बाटलीत पाहिजे."

"देतो," ते म्हणाले. कामावर न येण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

त्या रविवारी बहीण किर्ती तिला ओढत उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये साडीखरेदीला घेऊन गेली. दुकानदार साड्या उलगडत होता आणि प्रतिभा पायरीवर येऊन फोन लावत होती.

"हवा चालू आहे ना, नाथा?"

"चालू हाय, मॅडम. तुम्ही साडी घ्या."

तिने घेतली. कोणत्या रंगाची, ते घरी गेल्यावर पाहिलं.