पूजेआधीची बंडी

माणसानं हेवा करावा तर श्रीमंताचा करावा, पाटलाचा करावा. मी सारी उमर एका सुताराचा हेवा केला, आणि तोही त्याच्या भावांपायी. चार भाऊ होते त्याला. मला एकही नव्हता.

आमची दोघांची दुकानं समोरासमोर. दुकानं कसली, छपऱ्याच. मधून बंडीवाट, या बाजूला मी, त्या बाजूला तो. गाव यवतमाळहून चार-पाच कोसांवर, बाभुळगावच्या अलीकडं. आमचा मुलूख नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. राज्य बदललं म्हणून बंडीचं चाक काही चौकोनी झालं नाही. कापूस निघाला की तो वाहायला शेतकऱ्याला बैलांची बंडी लागायची, आणि बंडीसाठी सुतार लागायचा.

कामात मी त्याच्यापेक्षा उणा नव्हतो. सरसच होतो असं म्हणेन, आता म्हणायला कोणी हरकत घेणारं उरलेलं नाही. पण चाक एकट्याचं काम नव्हे. लाकूड एकटा तासतो, आरे एकटा ठोकतो. लोखंडी धाव चढवायची वेळ आली की चार माणसं लागतात. गोवऱ्यांच्या आगीत ती पट्टी लाल करायची, सांडशांनी चहूकडून उचलायची, चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. त्याच्या घरी हाक मारली की चौघं उभे. मला मात्र आदल्या दिवशी घरोघरी फिरून माणसं सांगावी लागायची. कोणी यायचा, कोणी म्हणायचा, "आज नाई जमत गड्या, उद्या पाहू." तापलेली धाव उद्यापर्यंत कशी थांबणार?

हे एक वेळ चाललं असतं. खरी आग लागायची ती घरात कोणी आजारी पडलं की. माझ्या आईला लकवा झाला, तेव्हा तिला कूस बदलून द्यायची ती मी, वैद्याकडं पळायचं ते मी, आणि चाकाचे आरे भरायचे तेही मीच. बायको शेतावर रोजानं जायची. दोन महिने छपरी उघडझाक करत राहिली. गिऱ्हाईक यायचं, माझी ओसाड छपरी बघायचं आणि दहा पावलं चालून समोर जायचं. मी आईच्या उशाशी बसून त्यांचं बोलणं ऐकायचो. आई गेली.

पुढच्याच साली त्याचा बाप झाडावरून पडला, कमरेचं हाड मोडलं. एक भाऊ बापाला घेऊन यवतमाळला गेला, एकानं घरचं पाहिलं, बाकीच्यांचे वाकस-रंधे एक दिवस थांबले नाहीत. बाप दवाखान्यात, आणि समोर खटखट चालूच. मला त्या आवाजाचा इतका संताप यायचा की मी कानात कापूस घालून काम केलेलं आहे.

बरं, माणूस वाईट असता तर सोय झाली असती. चार शिव्या घातल्या असत्या, मोकळा झालो असतो. पण तो चांगला होता. माझ्याकडं आग पेटलेली दिसली की न बोलावता भावाला पाठवायचा. मी त्या भावाला सांगायचो, "माणसं सांगतली हायेत, येऊन राह्यली," आणि परत लावायचो. मग दोनच माणसांनी धाव चढवताना हाताला फोड यायचे. बायको लोणी लावता लावता म्हणायची, "काहून परत लावलं त्याले? त्यानं का तुमचं खाल्लं?" मी काय सांगणार, की त्यानं काही खाल्लं नाही म्हणूनच माझं पोट दुखतं?

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. त्याआधी दोनदा पोट खाली झालं होतं. मला मुलगा हवा होता. प्रत्येकाला हवा असतो, पण माझी गोष्ट वेगळी होती. मी मुलाचे हात मोजत होतो. दहा-बारा वर्षांनी तो सांडशी धरेल, मी आजारी पडलो तर छपरी उघडी ठेवील, समोरच्याला दिसेल की इकडंही माणूस आहे. बायकोनं एकदा विचारलं, "आन पोरगी झाली त?" मी रंधा मारत होतो, तो थांबवला नाही.

दिवाळी होऊन गेली होती. शेतातून कापसाचा वेचा सुरू झाला होता. एका शेतकऱ्याची नवी बंडी मी पुरी करून छपरीसमोर उभी केली होती. सोमवारी तो पूजा करून नेणार होता. आमच्याकडं रीत आहे. नव्या बंडीला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, मालकाची लक्ष्मी ओटी घेऊन आधी बसते, मगच बंडी हलते. तोवर तिच्यावर कोणी बसत नाही. पोरं चढली तर सुतारच त्यांना हाकलतो. आणि आजारी माणूस तर नाहीच. पहिल्या खेपेला ज्याचं दुखणं वाहिलं, त्या बंडीला दुखणंच वाहावं लागतं म्हणतात.

शनिवारी सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. म्हातारी सुईण आली. दुपार झाली तरी काही होईना. सुईण बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"आडवं हाय," ती म्हणाली. "माह्या हातचं काम नाई. यवतमाळले न्या, आत्ताच्या आत्ता."

यवतमाळची एकुलती मोटार सकाळीच निघून गेली होती. गावात माणसांसाठीची हलकी, पळणारी गाडी म्हणजे एकच दमणी, आणि ती समोरच्याची. बायको वेदनांतूनही शुद्धीवर होती. माझं मनगट धरून म्हणाली, "त्यायची दमणी आना."

मी म्हणालो, "दमणी बाभुळगावले गेली."

दमणी गेली नव्हती. सकाळी मी तिला त्याच्या अंगणात उभी पाहिली होती, बैल शेजारी कडबा खात होते. माझ्या तोंडातून ते कसं निघालं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ठरवून बोललो नाही. पण त्याच्या दारात जाऊन हात जोडायचे, त्याचे चार भाऊ धावत उठणार, त्याची बायको पदर खोचणार, सगळं गाव बघणार की एकट्याचं एकट्यानं निभलं नाही. पाय उचलले नाहीत. जीव तिचा जात होता आणि लाज मला वाटत होती.

मी शेजाऱ्याचे बैल मागून आणले, नव्या बंडीला जुंपले, त्यात कडबा पसरला, वर गोधडी, आणि तिला उचलून ठेवली. सुईण बघतच राहिली.

"अरे, पूजा झाली नाई या बंडीची! दुसऱ्याची हाय ते!"

"बसतं का राह्यतं?" मी ओरडलो. म्हातारी बसली.

नवी बंडी जड चालते. आस चाकात मुरलेला नसतो. शेजाऱ्याचे बैल नांगराचे, त्यांना पळायचं ठाऊक नव्हतं. मी शेपट्या पिरगाळत होतो, सुईण वाटभर मला बोलत होती, आणि माझी बायको आवाज करत नव्हती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दीड कोस गेलो असू. मागून घुंगरांचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. मला माहीत होतं.

तो दमणी हाकत होता, आत त्याची बायको, मागं त्याचा एक भाऊ. घराला कडी लागलेली दिसली म्हणून त्याच्या बायकोनं शेजारी विचारलं होतं, आणि कळलं तसे ते निघाले होते. त्यानं दमणी आडवी घालून उडी मारली. माझ्याशी एक शब्द न बोलता दोघा भावांनी गोधडीसकट तिला उचलली आणि दमणीत ठेवली. त्याच्या बायकोनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या बायकोनं दमणीची चौकट पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. मी बैलांचं जू नीट करू लागलो.

तो म्हणाला, "तुमी बसा दमणीत, भाऊ. बंडी हा आनते मांगून."

बरोबर बोलला होता. बंडी त्याच्या भावानं मागून आणली असती, मी तिच्याजवळ बसलो असतो. पण मला दिसलं ते असं: मी विनापूजेची, दुसऱ्याची बंडी काढली, आणि ती हाकत आणली याच्या भावानं. बंडीच्या मालकाला हे लोकच सांगणार. उद्या साऱ्या तालुक्यात बोभाटा होणार. माझ्या डोक्यात त्या वेळी हे आलं, माझी बायको मरत असताना.

"नको," मी म्हणालो. "बंडी माह्या जबाबदारीची हाय. तुमी व्हा पुढं. मी येतोच."

त्यानं भावालाही दमणीत घेतलं आणि बैलांना हाक दिली. घुंगरं बघता बघता लांब गेली. सुईण कपाळावर हात मारून म्हणाली, "तुयासारखा येडा मी जलमात पाह्यला नाई."

दिवेलागण झाली तेव्हा मी दवाखान्यात पोचलो. तो व्हरांड्यात उभा होता, टोपी हातात.

"बाई वाचली," तो म्हणाला.

मी काही विचारायच्या आत त्यानं मान खाली घातली. "पोरगा व्हता."

मग त्यानं सांगितलं. थांबत, अडखळत, चूक कबूल करणाऱ्यासारखं. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं होतं, नवरा कोण? पोट चिरावं लागेल. बाईचं फार रक्त गेलंय, दोघांचा भरवसा देता येत नाही. आधी कोणाकडं बघायचं ते सांगा आणि कागदावर सही करा.

"म्या दोनदा रस्त्यावर जाऊन पाह्यलं तुमाले. डाक्टर म्हने, आता थांबता येत नाई. मंग म्या केली सही. तिचा भाऊ म्हनून केली. म्हनलं, बाईले वाचवा. चुकलं असन त पायातलं काढा, भाऊ, मी काई म्हननार नाई."

मी पायातलं काढलं नाही. त्याचे पायही धरले नाहीत. मी भिंतीला टेकून खाली बसलो. मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला त्याचा हेवा वाटला. दुःख मागून आलं, हेवा आधी. माझ्या बायकोचं मरण-जगणं ठरवायची वेळ आली तेव्हाही तोच हजर होता. आणि त्याला विचार करावा लागला नव्हता. विचारलं, आणि त्यानं सांगितलं.

मी असतो तर? हा प्रश्न मी त्या व्हरांड्यात स्वतःला विचारला आणि उत्तर यायच्या आत उठून नळावर पाणी प्यायला गेलो. ते उत्तर आज देतो: मी असतो तर डॉक्टरला आधी विचारलं असतं, मुलगा आहे का?

तिला दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्ध आली. मूल गेल्याचं त्याच्या बायकोनं तिला सांगितलं होतं, आणि आधी आईला वाचवा अशी घरच्या माणसानं सही दिली, हे नर्सनं. मी खाटेशी बसलो. ती छताकडं बघत होती. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "सही कोनं केली?"

दार उघडं होतं. तो बाहेर पायरीवर बसून तिच्यासाठी संत्रं सोलत होता. बी काढून फोडी एका पानावर मांडत होता.

"म्या," मी म्हणालो.

तिनं मान वळवली. डोळे भरून आले होते. तिनं माझा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला. आठ वर्षांत तिनं आपणहून माझा हात धरल्याचं मला आठवत नव्हतं.

"मले वाटलं व्हतं," ती म्हणाली, "तुमी पोरगंच मांगसान."

बाहेर दहा पावलांवर तो होता. हाक मारली असती तर आला असता. मी मारली नाही, आणि हातही सोडवून घेतला नाही.

पुढं आम्हाला मूल झालं नाही. त्या शेतकऱ्यानं बंडी नेली. पूजेआधी ती वापरली हे त्याला कोणी सांगितलं नाही, मला वाटतं समोरच्या घरानंच सांगू दिलं नाही. सहीचंही त्यांच्यापैकी कुणी कधी काढलं नाही. आज तो नाही, ती नाही. दमणीचं खोटं तिला त्याच दिवशी कळलं होतं, पण त्याबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही. मी चिडलो तर हसण्यावारी न्यायची, दुखणं आलं तर रात्ररात्र पाय दाबायची, बायकांत माझं नाव निघालं की म्हणायची, "वरून काई दिसो, मानूस मनाचा मोठा हाय." जन्मभर ती माझ्याशी जी वागली ती त्या एका सहीपायी, आणि सही माझी नव्हती.