लोपेकाकांची शिकवणी

बंडानंतर आल्पुहाराच्या डोंगरातल्या त्या गावात मोरिस्कोंचं एकच घर उरलं, लोपे अबेनदाउदचं, आणि तेही त्याच्या गुणांमुळे नव्हे, पाण्यामुळे. आजोबांच्या वेळी सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या या मुसलमानांची बोली, पोशाख, न्हाणीघरं, सगळ्यावर राजानं बंदी घातली, तेव्हा नाताळात गाव बंड करून डोंगरावर चढलं. लोपेही कुदळ घेऊन चढला आणि तिसऱ्या दिवशी, वरच्या मळ्याची पाण्याची पाळी चुकेल म्हणून खाली उतरला. बाकीच्यांना सैन्यानं दूर कास्तिलला हाकललं. त्यात लोपेची बहीण होती. तिची खबर कधी आली नाही, आणि अजूनही तिच्या आठवणीनं त्याचा घास हातातच राही.

ओस घरांत उत्तरेकडच्या पावसाळी गालिसियाचे ख्रिस्ती लोक आणून बसवले. त्यांना पाटपाणी शिकवायला लोपेला ठेवलं. शिकवून झालं की त्याचीही रवानगी कास्तिलला.

हे कळल्यावर लोपेनं शिकवण्यात अजिबात घाई केली नाही. शिकायला होता त्यांच्यातलाच, शेजारी येऊन राहिलेला रांगडा पायो. त्याचं पहिलं वर्ष कुदळ धरण्यात गेलं, दुसरं पाटाच्या दाराला माती लावण्यात. काम करताना लोपे पाण्याशी अरबीत बोले. पाद्रीनं हटकलं तर म्हणाला, "काय करू पाद्रीबाबा, याला कास्तिलची भाषा येतच नाही." त्याची बायको ब्रियांदा पायोला सांगे, की लग्नाला हो म्हणायलाही यांनी तीन उन्हाळे घेतले होते, तेव्हा धीर धर.

एक गोष्ट मात्र लोपेनं शिकवलीच नाही. वसंतात बर्फ वितळलं की तो शेळी हरवल्याचं सांगून वर जाई आणि पाट फोडून पाणी दगडगोट्यांच्या उतारावर सोडून देई. ते डोंगरात मुरे आणि ऐन ऑगस्टमध्ये गावाच्या झऱ्यांतून बाहेर येई. एवढं गुपित आपल्याकडे आहे तोवर आपल्याला कोणी हलवत नाही, असा त्याचा हिशेब होता.

सातव्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला. बर्फ वितळलं, शेळी दारातच रवंथ करत राहिली. सांगावं तर कास्तिल, न सांगावं तर गावाची तुती वाळणार. लोपे गप्प बसला आणि उन्हाळाभर शरमेनं कुढला. पण ऑगस्टमध्ये झरे नेहमीसारखे वाहिले. देवाची कृपा, तो म्हणाला. कुठल्या देवाची, ते त्यानं ठरवलं नाही.

त्याच आठवड्यात राजाचा अधिकारी आला. चौकात त्यानं पायोला विचारलं, "सात वर्षं झाली. शिकलास ना सगळं?"

पायोनं टोपी काढली. "कुठलं साहेब. कालच चण्याचं शेत पाण्यात बुडवलं. लोपेकाका गेले तर आम्ही उपाशी मरू."

अधिकाऱ्यानं कपाळाला हात लावला आणि लोपेला आणखी मुदत लिहून दिली.

लोपे मात्र भडकला. पायोच्या चण्यांसारखे चणे गावात कोणाचे नव्हते. घरापर्यंत तो बडबडत होता, की सात वर्षांची माझी अब्रू भर चौकात घालवलीस. पायो लोपेच्या दुखऱ्या गुडघ्याला झेपेल अशा चालीनं शेजारून चालत राहिला. दाराशी आल्यावर म्हणाला, "काका, तुमची शेळी वर जिथं हरवते ना, तिथं पाट डाव्या अंगानं खचला होता. यंदा मी पाणी सोडलं तेव्हा दगड लावून बसवला."

लोपे उंबऱ्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून तो शेळीकडे बघत राहिला.

"दगड लावतात होय तिथं?" शेवटी तो म्हणाला. "माती लावायची असते. तुला अजून पुष्कळ शिकायचंय."

"तेच तर सांगितलं साहेबाला," पायो म्हणाला.