गोलकीपरचा विनंती अर्ज

मस्कतला मला नोकरी मिळाली ती गोल अडवता येत होता म्हणून. व्हिसावर मात्र स्टोअर क्लार्क असं लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आठवडाभर मी बांधकाम साहित्याच्या एका कंपनीत टाइल्सची खोकी आणि बेसिन मोजायचो आणि शुक्रवारी कंपनीच्या फुटबॉल टीमचा गोल सांभाळायचो. मैदान म्हणजे बारीक खडी पसरलेली मोकळी जागा. तिथे बॉलवर झेप घ्यायची तर आत एक आणि बाहेर एक अशा दोन ट्रॅक पँट घालाव्या लागत. तरी गुडघे सोलून निघायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्यासारख्या बऱ्याच कंपन्यांच्या टीम होत्या. एखादा कोच कंपनी बदलायचा, की त्याच्यामागून दोन-तीन खेळाडू जायला निघायचे. कॉलेजातही असंच चाले. पण इथे जर्सी बदलायची तर आधी व्हिसा बदलावा लागे, आणि त्यासाठी जुन्या कंपनीचं 'आमची हरकत नाही' असं पत्र लागे. सगळे त्याला रिलीज म्हणत. ते न घेता नोकरी सोडली, तर सरळ घरी जायचं आणि दोन वर्षं परत यायचं नाही.

हे मला माहीत होतं. तरीही मी जी चूक केली, ती माझ्या कॉलेजमुळे केली.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील लाकडाच्या वखारीत कामाला. तालुक्याच्या कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी मला शाळेच्या मैदानावर पाहिलं आणि वखारीत येऊन वडिलांना सांगितलं, "फीचं मी बघतो, मुलगा मला द्या." मी आज दोन ओळी नीट लिहू शकतो, त्याच्या मुळाशी ते सर आहेत. दुसऱ्या वर्षी ते जिल्ह्याच्या कॉलेजात गेले आणि आम्हा तिघांना बरोबर बोलावलं. त्यातले दोघे न सांगता निघून गेले. वडील मात्र धुतलेला सदरा घालून मला प्राचार्यांकडे घेऊन गेले. मी अर्ज दिला. प्राचार्यांनी तो वाचला, वडिलांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि दाखल्यावर सही केली. कुठल्याही ऑफिसात खुर्चीवर बसण्याची वडिलांची ती पहिलीच वेळ.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बघ, इचारून गेल्यार कोण अडवणा नाय."

ते मी मनात पक्कं धरलं.

बी.कॉम. झाल्यावर वसईच्या एका स्पर्धेत खेळत असताना मस्कतच्या कंपनीतल्या कोचने मला पाहिलं. ते वसईचेच, कंपनीच्या वर्कशॉपचे सुपरवायझर, सुट्टीवर आलेले. चार महिन्यांत माझा व्हिसा आला. मस्कतमधल्याच अल् घुब्रात त्यांचा भाड्याचा फ्लॅट होता. महिन्यातून एका शुक्रवारी त्यांची बायको टीमला जेवू घालायची. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला पोरा म्हणायचे. माझ्या पगारावर धाकटी बहीण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली होती.

मला दीड वर्ष झालं आणि सरांना मस्कतपासून लांब, सहम गावच्या एका कंपनीने जास्त पगारावर बोलावलं. त्यांना रिलीज मिळालं. मुलीची शाळा घुब्रात, म्हणून कुटुंब तिथेच ठेवून ते आठवडाभर सहमला राहू लागले. आमच्याकडे त्यांच्या जागी एक मल्याळी साहेब आले. ते टीमचे कोच आणि आमच्या स्टोअरचे मॅनेजरही. म्हणजे शुक्रवारी मैदानावर भीती वाटायची तीच शनिवारी कामावरही. ते फार बोलत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रॅकला लावलेली सगळी बिन कार्डं काढून वाचली. माल किती आला, किती गेला हे त्या कार्डांवर आम्ही क्लार्क आपापल्या रॅकपुरतं लिहायचो. वाचून त्यांनी ती परत लावली. दुसऱ्या शुक्रवारी ते स्वतःचा गोलकीपर घेऊन मैदानावर आले. मी बाकावर बसलो.

माझं ओळखपत्र, ज्याला तिथे बताका म्हणतात, दोन महिन्यांनी संपणार होतं. खेळाडू म्हणून आणलेला माणूस खेळत नसेल तर बताका कशाला नवा करतील, हा विचार डोक्यात शिरला तो जाईना.

सरांचा फोन आला. "पोरा, सहमला ये. मालकाशी बोललोय. पण तू तोंड उघडू नकोस. इथून आमचं पत्र येऊ दे, मग बघू."

मी हो म्हटलं. पण गप्प राहायचं मनाला पटेना. ज्या कंपनीने इथे आणलं तिला न सांगता आतल्या आत ठरवायचं, ते दोघे कॉलेज सोडून गेले तसं. मी घुब्राला सरांच्या घरी गेलो. सरांच्या मुलीला म्हटलं, एक अर्ज टाइप करून दे. ती नववीत होती.

ती माझा कागद वाचत म्हणाली, "अंकल, हे एवढं लाँग का? 'मोस्ट हम्बली', 'काइंड सेल्फ'... कोणी असं नाही लिहितात."

"आमच्या शाळेत असंच शिकवलंय. तू टाइप कर."

"'ओबिडियंटली' पण ठेवायचं?"

"ठेव."

दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज व्हिसाची सरकारी कामं बघणाऱ्या पीआरओच्या टेबलावर ठेवला. ते ओमानी गृहस्थ होते, साठीकडे झुकलेले, मवाळ. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात असत, सही मात्र अरबाबची, म्हणजे मालकाची, लागे. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"तुम खुद लिखा?"

"हां."

"इन्शाल्ला," असं म्हणून त्यांनी तो फाइलमध्ये ठेवला.

खोलीवर हे सांगितलं तेव्हा माझा जोडीदार भात वाढत होता. तो मालवणचा, कंपनीत इलेक्ट्रिशियन, नऊ वर्षं तिथे काढलेला. त्याचा हात थांबला.

"अर्ज दिलंस? तुया तुज्या हातान?"

"विचारलेलं बरं ना."

"आमचो अरबाब काय तुज्या कॉलेजचो प्रिन्सिपल आसा? चाय पाजतलो तुका?"

मी पाण्याचे ग्लास भरायला घेतले.

"तो एसीवालो आठावता? रिलीज मागल्यान. सकाळी साइटवर होतो, दुपारी इमानात. कपडे सुदिक मिया बांधून धाडलंय." मग माझा चेहरा बघून तो म्हणाला, "जेव आता. उपाशी रवलंस म्हणून अर्ज परत येवचो नाय."

त्या एसीवाल्याचे दोरीवर राहिलेले दोन शर्ट मला आठवत होते. ते ओळखून त्याच्या बॅगेत घालायला मीही मदत केली होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहायला आजही हात जड होतो. स्टोअरच्या दाराशी ऑफिसातल्या ओमानींचा पांढरा अंगरखा दिसला की माझी मोजणी चुकायची. एका बाजूच्या टाइल्स मी तीनदा मोजल्या आणि तिन्ही आकडे वेगळे आले. ऑफिसचा शिपाई कुणाला बोलवायला आला की वाटायचं, आता माझंच नाव. मल्याळी साहेब माझ्या मागे उभे राहून बघायचे आणि निघून जायचे. त्यांना अर्जाचं कळलंय की नाही, हेच मला कळत नव्हतं. मी बॅग पलंगाखालून काढून ठेवली. मग कुणी पाहील म्हणून परत आत सारली. बहिणीला पत्र लिहायला बसलो आणि 'मी मजेत आहे' याच्यापुढे काही सुचलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी राहवेना म्हणून शेअर टॅक्सीने सहमला निघालो. सरांच्या कंपनीचं पत्र लवकर आलं असतं तर सगळंच सुटलं असतं. टॅक्सीत एक भाजीवाला होता, तो वाटेतल्या खाबुऱ्याला उतरला. पुढे मी एकटा. मनात वाक्यं जुळवत होतो.

मैदान समुद्राजवळ होतं. सर गोलसमोर उभे राहून बॉल मारत होते आणि गोलात एक उंच मुलगा झेपावत होता. मी कडेला उभा राहिलो. त्याने दोन बॉल अडवले ते मलाही अडवता आले नसते. सरांनी मला पाहिलं आणि आणखी चार-पाच बॉल मारले. मग आले.

"मालकाने आणला रे. त्याचा व्हिसा इथलाच आहे, रिलीजची भानगड नाही. तुझा कागद यायला महिना गेला असता."

"सर, मी अर्ज दिलाय."

"कसला अर्ज?"

मी सांगितलं. ते वाळूत बसले.

"माझ्याच घरात? माझ्याच कॉम्प्युटरवर?"

"तुम्ही गप्प राहायला सांगितलंय हे तिला माहीत नव्हतं, सर."

"तुला गप्प बस म्हटलं होतं ना?" ते बराच वेळ बुटाची नाडी सोडत-बांधत राहिले. "पोरा, माझ्या हातात आता काही नाही. जा, आणि तो अर्ज परत घे."

त्यांचा मला राग आला नाही. ज्यांनी आणलं त्यांच्यावर रागवायचं कसं, हे मला माहीतच नव्हतं. परतीच्या टॅक्सीत अर्ज परत मागायची वाक्यं जुळवत बसलो.

शनिवारी सकाळी अर्ज परत मागायला गेलो तर पीआरओ मंत्रालयाच्या कामाला गेले होते. शिपायाने मला एक पाकीट दिलं, म्हणाला, तुमच्यासाठी ठेवलंय. आत माझाच अर्ज होता, त्या इंग्रजी ओळींवर तिरकी, लाल शाईतली अरबी ओळ आणि खाली अरबाबची सही. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी तो खिशात घातला. अर्ध्या तासाने स्टोअरच्या पिकअपचा ओमानी ड्रायव्हर माल भरायला आला, त्याला दाखवला. त्याने ओळीवरून बोट फिरवलं.

"ला मानेअ," तो हसून म्हणाला. "हरकत नहीं. रिलीज मिला. मबरूक."

अभिनंदन करत त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. मी कागद परत घेतला. वडील म्हणाले होते तसंच झालं होतं. विचारलं होतं, कुणी अडवलं नव्हतं, आणि मला जायला जागा नव्हती. महिन्याभरात नवी कंपनी दाखवली नाही तर बताका संपणार आणि मी घरी. बहिणीचं अजून पहिलंच वर्ष चालू होतं.

ज्यांची सगळ्यात जास्त भीती वाटत होती, त्यांच्याकडेच जावं लागलं. मल्याळी साहेबांच्या केबिनमध्ये मी उभा राहिलो आणि अर्ज पुढे ठेवला. त्यांनी इंग्रजी वाचलं, लाल ओळ बघितली.

"किधर जा रहा है?"

"किधर नहीं, सर."

"फिर माँगा क्यों?"

मी सरांचं सांगितलं, सहमचं सांगितलं, आणि शेवटी, का कोण जाणे, वडिलांचं आणि प्राचार्यांचंही सांगितलं. माझं हिंदी वाईट, मध्येच मराठी येत होती. ते मान खाली घालून ऐकत होते.

"देखो," ते म्हणाले, "ग्राउंड पे मेरे को तुम्हारा ज़रूरत नहीं. मेरा कीपर तुमसे अच्छा है. मालूम है?"

"मालूम है."

"स्टोअर में ज़रूरत है. मैं आया तब एक ही आदमी का कार्ड सही था." त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लेकिन अरबाब पूछेगा, प्लेअर है कि क्लार्क है. दोनों नहीं चलेगा. टीम का जगह मैं दूसरे को देगा. सोचो."

सोचायला काही नव्हतं. दहा वर्षं मी स्वतःला गोलकीपर समजत होतो. शिकलो ते त्यावर आणि इथे आलो तेही त्यावरच. मग त्यांच्याच टेबलावर वाकून दुसरा अर्ज लिहिला. पहिला अर्ज रद्द समजावा, मी स्टोअर क्लार्क म्हणून राहू इच्छितो. शेवटी पुन्हा 'ओबिडियंटली' लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि पहिल्यांदाच हसले.

"ये हटाओ."

मी तो शब्द खोडला. पहिला अर्ज मला परत देऊन ते दुसरा घेऊन स्वतः पीआरओकडे गेले. नवा बताका यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांतही पांढरा अंगरखा दिसला की मोजणी चुकत होती. बताका हातात पडला त्या दिवशी मी हातमोजे टीमच्या पेटीत ठेवून आलो. पुढे दोन हजार सालानंतरची कितीतरी वर्षं मी त्याच स्टोअरमध्ये काढली. बहीण नर्स झाली. शुक्रवारी कधीतरी सामना बघायला जायचो, पण गोलच्या मागे मात्र कधी उभा राहिलो नाही.

नव्या बताकाच्या आठवड्यात मी शेजाऱ्यांकडे फोन केला आणि वडिलांना बोलावून घेतलं. सहमला जायचं चाललंय हे त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं, सरांच्या फोननंतर मी लिहिलेल्या पत्रातून.

"मगे?" ते म्हणाले. "इचारलंस मां तेंका?"

"विचारलं, बाबा."

"अडवल्यान कोणी?"

"नाही. लगेच सही केली."

"मिया सांगलेलंय," ते म्हणाले. शेजारी कुणीतरी बसलं होतं, त्यांना त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं. मी रिसीव्हर कानाला धरून ऐकत राहिलो. लाल ओळीचा तो पहिला अर्ज खिशात होता. आता तो कुणाला दाखवायची गरज उरली नव्हती.