मशीन चालू असताना

टेलरबाईंच्या दुकानात लोक मापाबरोबर घरची भांडणं आणि कचेरीतल्या कागाळ्याही देऊन जात. बाई मान वर न करता शिवत आणि नेमक्या जागी "हो का?", "अगंबाई!", "वा, छान!" म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, या बाईंना दोन डोकी आहेत.

सुरुवातीला एकही धड नव्हतं. नवऱ्यानं नुसतं "किती वाजले?" विचारलं तरी शिलाई वाकडी जायची. एकदा बोलण्याच्या नादात शेजाऱ्याच्या शर्टाची बाही उलटी जोडली गेली. "त्याचा हातच तसा असेल," नवरा म्हणाला. पुढे हात बसला. शिवता शिवता फोन, हिशेब, मुलीचे पाढे, सगळं होऊ लागलं. "सवयीचं काम आहे हो," बाई ऐटीत सांगत. "हात त्यांचं त्यांचं बघतात, मी मोकळी."

तीच मुलगी, आता लग्न झालेली, परवा दुपारी दुकानात आली, तेव्हा बाई कॉलरच्या टोकाशी होत्या. तिथे सुई रुतवून कापड वळवावं लागतं.

"आई, डॉक्टरकडून आले. बाळाचे ठोके लागत नाहीयेत."

"वा, छान! बस ना."

मुलगी न बसताच निघून गेली.

पडद्यामागे पँट घालून बघणारं गिऱ्हाईक पट्टा धरून बाहेर आलं. "बाई, लेक काय म्हणाली ऐकलंत का?"

"कधी आली होती?"

त्या माणसानं सांगितलं. बाईंचं उत्तरही सांगितलं, पण त्यांच्याकडे न बघता.

बाई मशीनवरून उठल्या. अवघड जागा आली की त्या अख्ख्याच्या अख्ख्या हातांपाशी जात. मागे दुकान सांभाळायला जीभ तेवढी उरे. सवय झाली होती ती जिभेला. दुकानात घालायच्या सपाता न बदलताच त्या मुलीच्या घरी गेल्या.

"मी ऐकलंच नाही गं."

"माहितीये." मुलगी पडूनच होती. "म्हणून तर तिथे आले. एकदा मोठ्यानं बोलून बघायचं होतं. शाळेत असल्यापासून कुणाला सांगवत नाही ते सगळं तुला मशीन चालू असतानाच सांगत आलेय."

बाईंना खाली बसवेना. "काय काय सांगितलंस?"

"तू दर वेळी छान म्हणालीस," मुलगी म्हणाली आणि तिनं कूस बदलली.